टाकीत मेण, चाकात कमी हवा

डिसेंबरात जालन्याहून सळई भरून उत्तरेकडे निघालेल्या ट्रकच्या टाकीत इथलंच डिझेल असतं आणि चाकांत इथलीच हवा. हिमाचलात पहाटे गाडी सेल्फ घेते, दोन मिनिटं धडधडते आणि बंद पडते. ड्रायव्हर म्हणतो, डिझेल गोठलं.

खरं तर डिझेल पाण्यासारखं एकदम गोठत नाही. त्यात विरघळलेलं पॅराफिन, म्हणजे मेणच, थंडीत वेगळं होऊ लागतं. आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे चपटे स्फटिक फिल्टरच्या बारीक छिद्रांवर बसतात. टाकीतलं डिझेल अजून वाहतं असतं, पण इंजिन उपाशी राहतं. भारतीय मानकानुसार फिल्टर तुंबण्याचं तापमान उन्हाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त 18 आणि हिवाळीसाठी 6 अंश सेल्सिअस असू शकतं. थंडीच्या लाटेत परभणीचा पाराही 6 च्या आसपास येतोच की! लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याचसाठी.

म्हणून थंड मुलखात मुक्कामाआधी तिथल्याच पंपावर टाकी भरावी. रिकाम्या टाकीत बाष्पाचं पाणी होतं, तेही यामुळे टळतं. रॉकेल मिसळू नये; डिझेल हेच इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं वंगण आहे. टाकीखाली शेकोटी पेटवणाऱ्यांना काय म्हणावं!

आता हवा. दुपारी 35 अंशांत 120 पौंड भरलेला टायर पंक्चर नसतानाही 5 अंशांत साधारण 107 पौंडांवर येतो. कमी हवेचा लोडेड टायर जास्त दबतो, चालताना तापतो आणि फुटू शकतो. पौंड पहाटे, गाडी हलवण्याआधीच तपासावेत. धावून तापलेल्या टायरमधली हवा सोडणं चूकच.

ब्रेकची हवा साठवणाऱ्या एअर टँकचा कॉक रोज उघडून पाणी काढावं. शून्याखाली ते लाइनमध्ये गोठलं, तर ब्रेकचा भरवसा उरत नाही. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट हवं. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला तडा जातो.

मराठवाड्यातल्या मराठवाड्यात फिरणाऱ्या गाडीला मात्र मेणापेक्षा उसाच्या ट्रॉल्यांची धास्ती जास्त. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, त्यात पहाटेचं धुकं. अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, मारला तर धुक्याच्या थेंबांवरून उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपर, म्हणजे खाली पडणारा झोत, ठेवावा आणि वेग इतका, की दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे.