यूएसबी टेदरिंग

मोबाइल फोनला सिम कार्डावरून मिळणारे इंटरनेट यूएसबी केबलमार्गे संगणकाला पुरविण्याच्या पद्धतीस यूएसबी टेदरिंग म्हणतात. मूळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ जनावर दाव्याने खुंट्याला बांधणे असा आहे. केबलला दावे आणि फोनला खुंटा मानले, तर हे नाव चपखल वाटते. बडोद्यातील मराठी घरांत मात्र हा शब्द क्वचितच ऐकू येतो आणि ‘केबल लावून मोबाइलचे नेट घे’ एवढ्यावर काम भागते.

जीपीआरएस या जुन्या, संथ मोबाइल इंटरनेटच्या काळात फोन केवळ मोडेम, म्हणजे संगणकाला नेटवर्कशी जोडून देणारे यंत्र, असे. डेटा केबल जोडून, संगणकावर उत्पादकाचे सॉफ्टवेअर बसवून ‘*९९#’ हा क्रमांक लावावा लागे. पुढे ही सोय फोनच्या प्रणालीतच आली : आयफोनमध्ये २००९ साली, तर अँड्रॉइडमध्ये २०१० साली २.२ या आवृत्तीपासून. आजचा फोन मोडेमबरोबरच छोट्या राउटरचेही, म्हणजे आलेली-गेलेली माहिती योग्य उपकरणाकडे वळविण्याचेही, काम करतो. संगणकाला तो एखाद्या इथरनेट कार्डासारखा (तारेने नेटवर्क जोडण्याच्या भागासारखा) दिसतो. जोडणी होताच फोन संगणकाला एक खासगी आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख-क्रमांक) देतो, संगणकाकडून निघालेल्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावरचा, म्हणजे पॅकेटवरचा, तो पत्ता काढून त्या जागी स्वतःचा घालतो आणि आलेले उत्तर पुन्हा संगणकाकडे वळवितो. अँड्रॉइड फोनचा स्वतःचा पत्ता अनेक वर्षे १९२.१६८.४२.१२९ असा ठरलेला होता, तर आयफोन या कामी १७२.२०.१०.१ हा पत्ता वापरतो.

फोन आणि संगणक यांच्या या संभाषणासाठी बहुतेक अँड्रॉइड फोन मायक्रोसॉफ्टने आखलेला आरएनडीआयएस हा संकेत (संवादाचे ठरलेले नियम) वापरत आले आहेत. त्यामुळे विंडोज आणि लिनक्स यांवर सहसा वेगळे काही बसवावे लागत नाही. मॅकला मात्र हा संकेत मुळात समजत नाही आणि तेथे अँड्रॉइड फोन जोडल्यावर अडते. आयफोनचे उलट आहे, कारण त्याला विंडोजवर अॅपलचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालविणारे सॉफ्टवेअर, लागतो.

जोडणी न होण्याची कारणे शोधताना सेटिंग्ज उलथ्यापालथ्या करण्याआधी केबल बदलून पाहावी. यूएसबी २.० च्या केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात. काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीने फोन व्यवस्थित चार्ज होतो, म्हणून तिच्यावर संशय जात नाही, आणि फोनवरील ‘यूएसबी टेदरिंग’ हा पर्याय मात्र फिकट राहतो. केबल चांगली असेल, तर वेगाची चिंता उरत नाही : यूएसबी २.० ची कागदावरील क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट असल्याने प्रत्यक्ष वेग बहुधा मोबाइल नेटवर्कच ठरविते.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या भागांतील जाड भिंतींच्या घरांत सिग्नल खिडकीपाशीच बरा मिळतो. तेथे फोन खिडकीत ठेवून लांब केबलने संगणकाला जोडणे सोयीचे पडते; शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दीही आड येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरामुळे शहराच्या अनेक भागांतील वीज गेली होती. अशा वेळी घरातला राउटर बंद पडतो, पण मोबाइल टॉवरची बॅटरी किंवा जनरेटर चालू असेपर्यंत फोन आणि लॅपटॉप यांवर काम चालू ठेवता येते. मात्र केबलमधून फोन लॅपटॉपची वीजही ओढत असतो, ही गोष्ट अंधारात बसल्यावरच आठवते. एरवी हा फायदाच आहे, कारण हॉटस्पॉटने, म्हणजे फोनचे नेट वायफायने वाटल्याने, फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. तरीही यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणानुसार केवळ ५०० मिलिअँपिअर देतो, आणि सिग्नल कमजोर असल्यास फोन चार्ज होण्याऐवजी हळूहळू उतरूही शकतो.

अँड्रॉइड फोन स्वतः वायफायवर असेल, तर तेच वायफाय केबलमार्गे पुढे देता येते. नव्याने प्रणाली बसविलेल्या संगणकात वायफायचा ड्रायव्हर नसेल, तेव्हा तो उतरवून घेण्यासाठी या युक्तीइतके सोपे साधन दुसरे नाही.

हॉटस्पॉटवर एका वेळी अनेक उपकरणे बसतात, केबलवर एकच. केबल काढली की अँड्रॉइडवरील पर्याय बंद होतो व पुढच्या वेळी पुन्हा चालू करावा लागतो; फोनच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या प्रगत सेटिंग्जमध्ये यूएसबीचे पूर्वनिर्धारित काम म्हणून टेदरिंग निवडल्यास हा खटाटोप वाचतो. विंडोज या जोडणीला घरच्या ब्रॉडबँडसारखी समजून मोठे अपडेट उतरवू लागते. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज असलेल्या फोनचा कोटा त्यात सकाळीच संपतो आणि अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणून पहिल्या जोडणीच्या वेळीच विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायची, अशी ठरवून ठेवावी.