पाठीतलं पाणी आणि जमिनीला चिकटलेले पाय

“पाठीतलं पाणी काढू देऊ नका, माणूस कायमचा लुळा पडतो.” मराठवाड्यात हे वाक्य दवाखान्याच्या व्हरांड्यात हमखास कानावर पडतं. या भीतीपायी नातेवाईक जी तपासणी नाकारतात, तिच्यामुळे बाजेला लागत चाललेलं म्हातारं माणूस पुन्हा नीट चालू शकेल का, याचा अंदाज एका दिवसात येतो. म्हणून आधी भीतीचं बोलू. पाठीचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून. तिथे, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं त्याच पाण्यात, सुट्या नसा लोंबत असतात. सुई आली की त्या सहसा बाजूला सरकतात. काढायचं पाणी ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर चहाहून कमी. शरीर हे पाणी तासाला साधारण २० मिलिलिटर या वेगाने सतत बनवत असतं, त्यामुळे दोन-अडीच तासांत तूट भरून निघते. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. लुळेपणाची भीती मात्र मनातून काढून टाकावी.

ही तपासणी इथे ज्या आजारासाठी करतात तो म्हणजे नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस, थोडक्यात एनपीएच: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगतात, पण दाब नॉर्मल भरतो. तो बहुधा साठीनंतर दिसतो. चाल बिघडते, लघवी आवरत नाही, बुद्धी मंदावते. बहुतेकांत चाल आधी बिघडते, पण तेव्हा गुडघ्यांना किंवा शुगरला दोष दिला जातो. पुढे विसराळूपणा आला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटतो. कुणी ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळतं, कुणी ‘बाहेरचं’ समजून अंगारा आणतं, कुणी मेंदूच्या ताकदीची म्हणून महागडी इंजेक्शनं घेतं. यातलं काहीही मेंदूतल्या पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि उपचाराला उशीर झाला की सुधारणेची शक्यता कमी होत जाते.

मेंदूच्या आत पोकळ्या असतात. तिथे रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं. एका वेळी डोक्यात आणि पाठीत मिळून असतं फक्त १५० मिलिलिटर. ते एका अरुंद नळीतून खाली उतरतं, मेंदूभोवती फिरतं आणि शेवटी रक्तात शोषलं जातं. एनपीएचमध्ये ही ये-जा बिघडते आणि पोकळ्या फुगतात. तरीही सुई घालून दाब मोजला तर तो नॉर्मल भरतो! पोकळी फुगलेली आणि दाब नॉर्मल, हे कसं?

कोलंबियातल्या बोगोटा शहरातले न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम यांना १९५७ मध्ये हाच प्रश्न पडला. अपघातानंतर जवळजवळ बेशुद्ध असलेल्या १६ वर्षांच्या मुलाच्या पोकळ्या फुगल्या होत्या, दाब नॉर्मल होता. तपासणीपुरतं पाणी काढलं आणि मुलगा दुसऱ्या दिवशी बोलू लागला. हाकिम यांनी उत्तर शोधलं ते शाळेतल्या पास्कलच्या नियमात. सेलू, मानवत किंवा जालन्याच्या जिनिंगमध्ये कापसाची गाठ बांधणारा प्रेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. पंप लहानसाच असतो, पण तोच तेलाचा दाब रुंद दट्ट्यावर पडला की १७० किलोची गाठ विटेसारखी घट्ट होते. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पोकळी लांबी, रुंदी, उंचीत दीडपट झाली तर भिंतीचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. दाब तोच राहिला तरी भिंतीवरचं एकूण बल सव्वादोनपट होतं.

हे स्पष्टीकरण सुंदर आहे, पण पुरेसं नाही. पाणी मेंदूच्या आत आहे तसंच बाहेरही आहे, मग भिंत एकाच बाजूला का ढकलली जावी? इथे नाडीचा विचार करावा लागतो. कवटी ही बंद पेटी आहे. प्रत्येक ठोक्याला रक्त आत शिरतं तेव्हा तेवढ्या जागेसाठी थोडं पाणी खाली सरकतं, आणि ठोका ओसरला की परत येतं. रक्तवाहिन्या आणि मेंदू लवचीक असतील तर हा हिसका जिरतो. वयानं, ब्लडप्रेशरनं त्या ताठरल्या की तो पोकळीच्या भिंतीवर आपटतो, मिनिटाला सत्तर वेळा. सुईवर दिसणारा आकडा सरासरीचा असतो, हे ठोके त्यात दिसत नाहीत. रात्रभर दाब नोंदवला तर अनेकांत चढउतारांच्या लाटा दिसतात. भिंतीलगतच्या भागाचा रक्तपुरवठाही घटतो.

पाय आधी का जातात? मेंदूत पायांचा भाग दोन गोलार्धांच्या मधल्या कडेला असतो. तिथून निघालेले नसांचे धागे पोकळीला वळसा घालून तिच्या भिंतीलगत उतरतात. हात-चेहऱ्याचे धागे तुलनेने लांबून जातात. शिवाय पुढच्या मेंदूकडून चाल सुरू करण्याचा, तोल सावरण्याचा हुकूम नेणारी नसांची वर्तुळंही याच परिसरातून जातात. म्हणूनच एक विलक्षण गोष्ट दिसते: रुग्णाला बाजेवर उताणं झोपवून सायकल चालवल्यासारखे पाय हलवायला सांगितलं तर तो हलवतो. ताकद आहे. उभं केलं की तेच पाय जमिनीला चिकटतात.

ही चाल ओळखता येते. पाय फाकलेले, बोटं बाहेर वळलेली, पाऊल आखूड, टाच जेमतेम उचललेली. शहाबादी फरशीचा एक सांधा अर्धा सेंटिमीटर वर असेल तर तिथेच बोटं अडतात. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, चालताना हात हलेनासे होतात, इथे ते बऱ्यापैकी हलतात. पार्किन्सन्सच्या रुग्णाला जमिनीवर पट्ट्या आखून दिल्या तर तो छान पावलं टाकतो. एनपीएचमध्ये त्याचा उपयोग थोडाच होतो, आणि पार्किन्सन्सच्या गोळ्यांचाही फारसा होत नाही.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे वळण. हे घरी पाहता येतं. खुर्चीतून उठायचं, दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सोबत एक माणूस शेजारी आणि किंचित मागे हवा, कारण हे रुग्ण बऱ्याचदा मागे पडतात. मोबाइलवर वेळ मोजा आणि वळताना पावलं मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. निरोगी माणूस तीन-चार पावलांत वळतो, हे रुग्ण सात-आठ छोटी पावलं टाकत अख्खं अंग एका ठोकळ्यासारखं फिरवतात.

सीटी किंवा एमआरआयमध्ये पुढच्या पोकळ्यांची रुंदी कवटीच्या आतल्या रुंदीच्या ०.३ पटीहून जास्त भरली की संशय बळावतो. मग पाठीतलं पाणी काढून तीच चालण्याची चाचणी आधी आणि काही तासांनी पुन्हा घेतात. फरक पडला तर शंट बसवण्याचा विचार होतो: मेंदूतून त्वचेखालून पोटात उतरणारी बारीक नळी, मध्ये व्हॉल्व्ह. फरक पडला नाही म्हणून शंटचा उपयोग होणारच नाही, असंही ठरत नाही.

शंटचा खरंच उपयोग होतो का, ही शंका २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने बरीच दूर केली. ९९ रुग्णांना शंट बसवला. निम्म्यांचा व्हॉल्व्ह चुंबकाने जवळजवळ बंद ठेवला आणि कुणाचा कसा आहे ते रुग्णाला सांगितलं नाही. तीन महिन्यांनी उघड्या गटाचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, बंद गटाचा ०.०३ ने. पडण्याच्या तक्रारी २४ टक्के विरुद्ध ४६ टक्के. पण मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव १२ टक्के विरुद्ध २ टक्के, हेही त्याच चाचणीत दिसलं.

घरात करायचं ते साधं आहे. जागेवर गिरक्या घेऊ नयेत, मोठा वळसा घालून वळावं. दार मागे पाऊल टाकत उघडू नये, बाजूला उभं राहावं. सैल स्लिपर, लोंबतं धोतर, पसरलेली सतरंजी बाद. उंबरठ्याला पिवळी पट्टी लावावी. रात्री घाईची लघवी आणि हळू चाल एकत्र आली की पडणं ठरलेलं. म्हणून बाजेजवळ लघवीचं भांडं, संडासाच्या वाटेवर दिवा आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा असावा. शंट असलेला माणूस डोक्यावर पडला, किंवा शंटनंतर काही आठवड्यांत गुंगी, वाढती डोकेदुखी, एका बाजूची कमजोरी आली तर वाट न पाहता सीटी करावा. व्हॉल्व्हचं नाव आणि तो किती दाबाला उघडतो हे ठरवणारा, त्यावर लावलेला आकडा लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी, कारण एमआरआयच्या चुंबकाने काही व्हॉल्व्हचा आकडा बदलतो आणि नंतर तो तपासून पुन्हा लावावा लागतो.