थेक्कडीच्या तळ्यात उभं असलेलं जंगल

केरळात थेक्कडीला गेलात तर मोठ्या बोटीचं तिकीट काढू नका, बांबूचा तराफा घ्या. तराफ्यावर वल्हं आपल्याच हातात येतं. इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे पाणकावळे लगेच उडून जात नाहीत. आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, ते पाण्यातून वर आलेले काळे बुंधे हाताच्या अंतरावरून बघता येतात.

हे बुंधे मेलेल्या झाडांचे आहेत आणि ही झाडं मरून सव्वाशे वर्षं उलटली आहेत. हे तळं ज्या मुल्लपेरियार धरणामुळे झालं, ते १८९५ साली पूर्ण झालं. जॉन पेनीक्विक या ब्रिटिश अभियंत्याने चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, वापरून ते बांधलं. पश्चिमेकडे वाहणारी पेरियार नदी अडवायची आणि तिचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पूर्वेला, तहानलेल्या मदुराईच्या बाजूला वळवायचं, असा तो बेत होता. पाणी आजही तसंच जातं. दरीत पाणी चढलं तेव्हा तिथलं जंगल उभ्याउभ्याच बुडालं. त्यातली काही झाडं अजून आपल्या जागेवर आहेत.

अंगणात पडलेला ओंडका चार-पाच पावसाळ्यांत भुसभुशीत होतो. मग पाण्यात उभं असलेलं लाकूड एवढं टिकतं कसं?

शेताला लाकडी खांबांचं कुंपण घातलेल्या कुणालाही याचं निम्मं उत्तर ठाऊक असतं. असा खांब मोडतो तो नेमका जमिनीलगत. वरचा भाग उन्हाने वाळलेला असतो, खोल गाडलेलं टोकही बऱ्यापैकी शाबूत निघतं, पण मातीच्या पातळीशी बोटभर जागा खाऊन गेलेली असते. लाकूड कुजवण्याचं मुख्य काम बुरशीचं, आणि तिला ओल आणि हवा दोन्ही एकदम लागतात. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीचं काम थांबतं. उलट लाकडाच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर ओल पुष्कळ असते, पण श्वास कोंडतो. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेवढ्याच हवेत तो याच्या तीसपटीहून जास्त असतो. शिवाय हवेत तो जितक्या झपाट्याने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू साचलेल्या पाण्यातून सरकतो. बुंध्याच्या आत पोहोचेपर्यंत तो संपलेलाच असतो. तिथे उरतात काही जिवाणू. तेही लाकूड खातात, पण फारच सावकाश. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची आपल्याकडची जुनी रीत याच आधारावर उभी आहे. असं लाकूड सतत बुडालेलं राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

थेक्कडीत मात्र पाणी एका पातळीला थांबत नाही. पावसाळ्यात तळं भरतं, उन्हाळ्यात उतरतं. त्यामुळे बुंध्याचा मधला पट्टा कधी ओला, कधी उघडा असतो. बुरशीला हवं ते इथेच मिळतं, म्हणून बुंध्यांची झीज इथेच सर्वांत जास्त दिसते. आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो, पाणी बरंच उतरलेलं होतं. तराफा एका बुंध्याला खेटला तेव्हा मी तो नीट पाहिला. वरचं टोक राखाडी, भेगाळलेलं, बाहेरचं कोवळं लाकूड केव्हाच गळून गेलेलं, राहिला होता नुसता गाभा. त्याखाली कंबर बारीक झाल्यासारखा खाल्लेला भाग. आणि अगदी पाण्याशी, नुकतंच उघडं पडलेलं लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत. वाटाड्याने त्यावर वल्ह्याचा दांडा आपटला. दगडावर आपटावा तसा टणक आवाज आला.

तराफ्याबद्दलही सांगायला हवं. बांबूला पेरं असतात आणि प्रत्येक पेर आतून बंद असतं. एकाला चीर गेली तरी पाणी तेवढ्याच कप्प्यात शिरतं. तराफा रुंद असतो आणि माणसं पाण्याला लागून बसतात, त्यामुळे सगळा भार खाली राहतो आणि तो सहजी उलटत नाही. हे मी उगाच सांगत नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच तळ्यात एक दुमजली बोट कलंडली आणि ४५ माणसं गेली. काठावरचे प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला सरकले होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. भार उंचावर असला की थोडासा कलही वाढत जातो. तळं कितीही शांत दिसलं तरी अंगातलं लाइफ जॅकेट काढू नये.

या मेलेल्या झाडांवर आज जिवंत गर्दी असते. तिरंदाज पक्षी बुडी मारून वर येतो, बुंध्यावर चढतो आणि दोन्ही पंख पसरून उन्हात बसून राहतो. बदकाची पिसं पाणी झटकतात, त्याची झटकत नाहीत, चिंब होतात. पिसांत अडकलेली हवा त्यामुळे कमी होते, अंग हलकं राहत नाही आणि माशामागे खोल जाणं सोपं होतं. त्याची किंमत म्हणजे नंतरचं हे वाळवण. त्यासाठी चारी बाजूंनी पाणी असलेली, शिकाऱ्याला सहज पोहोचता न येणारी जागा लागते, आणि ती हे बुंधे देतात.

नव्या बुंध्यांची भर मात्र पडत नाही. जंगल बुडालं ते एकदाच. एकेक बुंधा कंबरेत मोडतो, वरचा भाग वाहून जातो, खालचा पाण्याखाली तसाच उभा राहतो. भरल्या तळ्यात तो दिसत नाही, म्हणून पुढे बसलेला वाटाडा सारखा पाण्यात वाकून बघत असतो. मधूनच तो हात वर करतो, आम्ही वल्ही थांबवतो, आणि तराफा एका न दिसणाऱ्या झाडाला वळसा घालून पुढे जातो.