ग्रामपुनर्रचना, शेतकरी कुटुंबकेंद्री

शेती करणारे कुटुंब हा मूळ घटक धरून गावातली घरे, शेते, रस्ते, पाणी आणि सामायिक जागा यांची नव्याने केलेली मांडणी. धरणामुळे किंवा खाणीमुळे उठलेल्या गावाचे पुनर्वसन यात सहसा धरत नाहीत, कारण तिथे गाव हलवण्याचे कारण शेतीबाहेरचे असते. इथला प्रश्न शेतीच्याच पोटातला आहे: शेतकऱ्याने राहायचे कुठे आणि कसायचे कुठे.

वस्तीच्या जमिनीला मराठीत पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात. या विषयातला सगळा पेच पांढरी आणि काळी यांच्यातल्या अंतराचा आहे. घरे एकत्र ठेवली तर शेजार आणि शाळा हाकेवर राहतात, पण शेत लांब पडते. प्रत्येकाला शेतातच घर बांधून दिले तर खत टाकणे, गुरे सांभाळणे, राखण करणे सोपे जाते. मात्र पोरांची शाळा लांब जाते आणि रात्रीअपरात्री मदतीला माणूस मिळत नाही. एक अंतर कमी केले की दुसरे वाढते.

पुनर्रचनेची गरज बहुधा वारसावाटपातून उभी राहते. भाऊ वेगळे होतात तेव्हा चांगली आणि हलकी जमीन दोघांनाही मिळावी म्हणून प्रत्येक तुकड्याचे दोन तुकडे होतात. तीन-चार पिढ्यांत एकाच घराची जमीन शिवारभर विखुरते. मग दिवसाचा मोठा भाग औजारे इकडून तिकडे नेण्यात जातो, बांधांखाली जमीन अडकते आणि मधल्या शेतकऱ्याला शेजाऱ्याचे पीक निघेपर्यंत वाट मिळत नाही.

म्हणून पहिले पाऊल मोजणीचे. त्यानंतरचे प्रतवारीचे पाऊल जास्त नाजूक असते, कारण अदलाबदल क्षेत्रफळावर करून भागत नाही, ती मोलावर करावी लागते. मातीची खोली, निचरा, उतार, पाण्याची सोय पाहून प्रत्येक तुकड्याला गुण देतात, रस्ते आणि चरांसाठी सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात जमीन कापून घेतात आणि उरलेल्या मोलाइतकी जमीन शक्यतो एका ठिकाणी देतात. कागदावर हे सरळ दिसते. ज्याने दहा वर्षे शेणखत घालून रान कमावले त्याला नव्या जागी तेवढेच गुण मिळाले, तरी तो स्वतःला लुबाडलेलाच समजतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही. विहीर, फळझाडे, उभे पीक यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. ताबेबदल सुगीनंतर करायचा, हा नियम त्यातूनच आला.

स्वीडनमध्ये स्कोने प्रांतातला जमीनदार रुटगर माक्लीन याने 1780 च्या दशकात स्वानेहोल्म इथल्या आपल्या जहागिरीतली गावे मोडली. जमीन चौकोनी तुकड्यांत आखून प्रत्येक कुळाला त्याच्या तुकड्यातच घर करायला लावले. बरीच कुळे सोडून गेली. शेती मात्र सुधारली आणि सरकारने पुढे हीच वाट धरली. 1803 मध्ये स्कोनेसाठी आणि 1827 मध्ये देशासाठी झालेल्या कायद्यांनी असंख्य जुनी गावे विस्कटली. डेन्मार्कमध्ये 1781 च्या फर्मानानंतर अशीच वाटणी झाली, पण काही गावांनी घरे हलवलीच नाहीत. गाव मध्ये ठेवून शेते पाचरीसारखी बाहेरच्या दिशेने आखली, त्यामुळे प्रत्येक घराचा परसू थेट त्याच्या शेताला लागला. नकाशात ही गावे चांदणीसारखी दिसतात. दोष एवढाच, की पाचरीचे टोक अरुंद राहते आणि शेवट फार लांब जातो. गावात घरे जास्त असली की ही युक्ती चालत नाही.

रशियात पंतप्रधान स्तोलिपिन याच्या 1906 च्या जमीनसुधारणांनी दोन्ही पर्याय उघडे ठेवले. जमीन एकत्र पण घर गावात, याला ओत्रूब म्हणत. घरही शेतात असले तर खूतोर.

कोऱ्या जमिनीवर आखणी करण्याची संधी नेदरलँड्सला मिळाली. 1942 मध्ये पाण्याखालून वर काढलेल्या नोर्डओस्टपोल्डरमध्ये 800 मीटर लांब आणि 300 मीटर रुंद, म्हणजे 24 हेक्टरचा तुकडा हे मूळ माप ठरले. शेतकऱ्याचे घर रस्त्याकडेला, पण एकटे पडू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन-चार घरे जवळजवळ. शेतमजूर मुख्यतः गावात. मध्ये एमेलोर्ड हे बाजारगाव आणि त्याभोवती दहा गावांचे कडे. गावांमधले अंतर सायकलच्या हिशेबाने ठरवले होते. कुटुंबेसुद्धा निवडून घेतली. अर्जदाराला शेतीचे ज्ञान आणि भांडवल तर लागेच, पण पाहणी करणारा त्याच्या घरी जाऊन घर किती नीटनेटके आहे हेही बघून येई. एवढी बारकाई करूनही हिशेब चुकला. ट्रॅक्टर आले, मजूर कमी लागू लागले. मोटारी आल्या आणि सायकलचे माप निकामी झाले. दहा गावे अपेक्षेपेक्षा लहानच राहिली. 1957 मध्ये कोरड्या झालेल्या शेजारच्या पूर्व फ्लेवोलँडमध्ये नियोजित गावांची संख्या छाटत छाटत ड्रॉन्टन आणि दोन गावांवर आली.

रिचर्ड काउफमन या वास्तुविशारदाने आखलेले नहलाल (1921, आजच्या इस्रायलमधले इझ्रील खोरे) दिसायला सगळ्यांत देखणे: मध्यभागी सार्वजनिक इमारती, त्याभोवती शेतकऱ्यांच्या घरांचे कडे आणि प्रत्येक घराच्या मागून बाहेर पसरत जाणारे शेत. डॅनिश चांदणीच, फक्त कंपासने काढलेली.

याउलट तांझानियात विखुरलेल्यांना एकत्र आणले. ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने 1967 पासून उजामा गावांचा, म्हणजे एकत्र राहून सामायिक शेती करणाऱ्या गावांचा, पुरस्कार केला. तेव्हा ते ऐच्छिक होते. 1973 ते 1976 या काळात मात्र सक्ती झाली आणि लाखो कुटुंबे हलवली गेली. हेतू शाळा, दवाखाना आणि नळ पोचवण्याचा होता आणि काही अंशी तो साधलाही. पण गावे पुष्कळदा रस्त्याच्या सोयीने बसवली, मातीच्या नव्हे. जवळची जमीन सतत पिकवून थकली, सरपणासाठी चालणे वाढले, आणि दक्षिणेतल्या काजूच्या बागा इतक्या लांब पडल्या की पुढे काजूचे उत्पादन घसरण्याच्या कारणांत तेही एक धरले जाते. रोमानियात तर निम्म्याहून अधिक गावे पुसून टाकण्याचा बेत होता. 1989 च्या डिसेंबरात तिथली कम्युनिस्ट राजवटच कोसळली म्हणून तो थांबला.

या सर्व आराखड्यांचा कच्चा दुवा म्हणजे ‘कुटुंब’ हे एकक. आखणीच्या दिवशी कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुले आणि त्यांना पुरेल एवढी जमीन. पंचवीस वर्षांनी तीन मुलांपैकी शेत कुणाचे, हे नकाशा सांगत नाही. वाटणी होऊ दिली तर तुकडे पुन्हा पडतात आणि पुनर्रचना पहिल्या पायरीवर येते. डेन्मार्कमध्ये जमिनीत वाटा न मिळालेल्या अनेकांनी कडेच्या हलक्या जमिनीवर झोपड्या बांधल्या आणि अल्पभूधारकांचा मोठा वर्ग तयार झाला. नहलालसारख्या मोशाव (सहकारी शेतकरी) गावांत शेत अविभाज्य ठेवून एकाच वारसाला देतात. बाकीची मुले गाव सोडत. 1990 च्या दशकापासून अशा अनेक गावांच्या कडेला शेत नसलेल्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या बहुतेकांचा शेतीशी संबंध नाही.