साठीतला अशक्तपणा एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्यांमुळे?
‘एचआयव्हीच्या गोळ्या उष्ण पडतात, साठीत अंग गळतं, थोडे दिवस बंद ठेवा’ हा सल्ला सांगली भागात अजून फिरतो. तो घातक आहे. गोळ्या थांबल्या की विषाणू वाढतो, शरीरातला दाह (आतली सूज) वाढतो, स्नायू आणखी झिजतात. (टेनोफोव्हिर या एआरटीतल्या एका औषधानं हाडं विरळ होऊ शकतात, हे खरं, पण त्यावर डॉक्टर गोळी बदलून देतात.) स्नायूंची ताकद घरीच पाहा: नेहमीच्या चालीनं 4 मीटर जायला 5 सेकंदांहून जास्त, किंवा हात न टेकता खुर्चीतून 5 वेळा उठायला 15 सेकंदांहून जास्त लागतात? एआरटी केंद्रात सांगा. वर्षात वजन आपोआप 5 टक्के घटलं असेल, तर आधी टीबीची तपासणी. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं: अंडी, मटकी, हुलगे. स्नायूंसाठी नुसतं फिरणं पुरत नाही. आठवड्यात 2-3 दिवस खुर्चीची उठबस हवीच.