ओकचा जुना पेटारा: खरा १६०० च्या शतकातला की १९२५ चा? पुढून नाही, मागून बघा

आमच्या घरात ओकचे दोन पेटारे आहेत, एक जिन्याखाली आणि एक बेडरूममध्ये. दोन्ही काळपट, दोन्हींवर कोरीवकाम, दोन्हींच्या सांध्यांवर लाकडी खुंट्यांची डोकी दिसतात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा जिन्याखालच्यावर हात फिरवून म्हणतो, "वा, हा मस्त जुना दिसतोय हं." तो जुना नाहीये. म्हणजे कालपरवाचाही नाही, १९२०-३० च्या आसपासचा फॅक्टरीतला माल आहे. बेडरूममधला साधासुधा, एका बाजूला किंचित कललेला, ज्याच्याकडे कुणी बघतही नाही, तो १६०० च्या शतकातला. पहिला घेतला तेव्हा मला काही म्हणजे काही कळत नव्हतं आणि दुसरा घेईपर्यंत थोडंफार कळायला लागलं होतं, तेवढंच इथे लिहितोय.

ओक म्हणजे आपले पुण्याचे ओक नव्हेत, झाड. शाळेच्या पुस्तकात त्याला बलूत म्हणायचे पण बलूत म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, तर आपण ओकच म्हणू. आपल्याकडे जुन्या वाड्यात जसं सागवान तसं इंग्लंडात ओक, घराच्या तुळयांपासून ताटं ठेवायच्या कपाटापर्यंत सगळं त्याचंच. साधारण १६६० पर्यंत तर चांगलं फर्निचर म्हणजे ओक असंच समीकरण होतं. मग मधली राजाविना गेलेली वर्षं संपून दुसरा चार्ल्स गादीवर आला, श्रीमंतांना अक्रोडाच्या लाकडाची हौस लागली, पुढे १७२० नंतर महोगनीचे दिवस आले, आणि ओक गेलं खेड्यात. खेड्यातले सुतार मात्र आजोबांनी केलं तसंच पुढे १०० वर्षं करत राहिले, त्यामुळे नुसती डिझाइन बघून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोकांना एकदम जुन्या इंग्लंडचं प्रेम आलं, रेल्वे आणि गिरण्यांच्या धुराला कंटाळून असेल, आणि पहिल्या एलिझाबेथ राणीच्या आणि जेम्स राजाच्या काळासारखं गडद कोरीव फर्निचर मागायला लागले. मग पहिल्या महायुद्धानंतर दुसरी लाट आली. शहरांभोवती काळ्या-पांढऱ्या खोट्या तुळयांची घरं उठली, ज्यांना इथे इंग्लंडात मॉक ट्यूडर म्हणतात, आणि त्या घरात शोभेल असं फर्निचर हाय विकम या फर्निचरच्या गावातल्या आणि पूर्व लंडनच्या कारखान्यांनी ढिगानं काढलं. पिळाचे पाय, भोपळ्यासारखे फुगीर पाय, घडीची टेबलं, कोरीव पेटारे. याला रिप्रॉडक्शन म्हणतात. हे फसवण्यासाठी केलेलं नव्हतं हे लक्षात घ्या, दुकानात नवीन म्हणूनच विकलं जायचं. फसवणूक नंतर सुरू झाली, ८०-९० वर्षांची धूळ बसल्यावर.

मी फसलो ते एका गावातल्या लिलावात. नाव घेत नाही कारण चूक माझीच होती, कॅटलॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं 'सेव्हन्टींथ सेंच्युरी स्टाइल' आणि मी पहिले दोन शब्द वाचले, तिसरा वाचलाच नाही. स्टाइल म्हणजे त्या काळासारखं, त्या काळातलं नव्हे. त्या काळातलं असेल तर नुसतं 'सेव्हन्टींथ सेंच्युरी' लिहितात, किंवा राजाचं नाव टाकून पुढे 'पिरियड' म्हणतात. आणखी एक शब्द असतो, 'अँड लेटर', तो दिसला की समजायचं की काही भाग जुना आणि काही नंतर जोडलेला. वर लिलाववाल्यांचं कमिशन, ते हातोडा पडलेल्या किमतीवर २० टक्क्यांच्या पुढेच जातं, त्यावर व्हॅट, ते मी धरलंच नव्हतं. बायको काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "चपला ठेवायला बरा आहे." तेव्हापासून त्यात चपलाच आहेत.

तर दोन्ही पेटारे शेजारी शेजारी ठेवून बघू. पुढून बघायचंच नाही. पुढची बाजू ही दोघांचीही बोलणारी बाजू, ती काहीही बोलेल. पेटारा भिंतीपासून ओढा, झाकण उघडा, जमलं तर उलटा करा, टॉर्च घ्या.

पहिली गोष्ट आतला रंग. माझ्या फॅक्टरीवाल्या पेटाऱ्यात झाकण उघडलं की आतसुद्धा तोच गडद चॉकलेटी रंग, पाठीलाही तोच, तळालाही तोच, कारण तो रंग डब्यातून आलाय. खऱ्या पेटाऱ्याला आतून कुणी काही लावलेलंच नव्हतं. बाहेर साडेतीनशे वर्षांचं मेण, धूर, हाताचा घाम, आणि आत नुसतं कोरडं, राखाडीकडे झुकलेलं तपकिरी लाकूड, हात फिरवला की खरखरीत. जिथे ऊन येतं तिथे एक रंग, झाकणाच्या कडेखाली जिथे कधी काही पोचलं नाही तिथे दुसरा. सगळीकडे एकसारखा रंग असेल तर तिथेच थांबा.

मग खुंट्या, आणि इथे जरा थांबायला पाहिजे कारण सगळी मजा इथे आहे. त्या काळातला सुतार ओक ओलं असतानाच वापरायचा, वाळलेलं ओक म्हणजे दगड, पटाशीसुद्धा चालत नाही. चौकटी आणि पॅनेलसाठी खोड करवतीने न कापता पाचरी मारून उभं फोडायचा, केकचे तुकडे पडतात तसं मधून बाहेर. चौकटीच्या एका पट्टीला चौकोनी खाच, दुसरीला तिच्यात बसणारी जीभ, आणि दोन्हीतून आरपार भोक. पण जिभेतलं भोक मुद्दाम अगदी जरासं आत सरकवलेलं असतं. मग वाळलेल्या लाकडाची ओबडधोबड खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत शिरते आणि सांधा करकचून आवळते. फेव्हिकॉल नाही, स्क्रू नाही. पुढे चौकटीचं ओलं लाकूड वाळून आकसतं पण खुंटी लांबीला आकसत नाही, म्हणून शंभर वर्षांनी खुंटीचं डोकं केसभर वर आलेलं असतं. बोट फिरवा, लागतं. आणि आतून तिचं शेपूट टोकदार तसंच सोडलेलं असतं, आत कोण बघणार म्हणून. बेडरूमवाला पेटारा बघताना मी आत हात घातला आणि मनगटावर चांगला ओरखडा आला, आणि खरं सांगतो मला इतका आनंद झाला की विकणारी बाई घाबरली.

जिन्याखालच्याच्या खुंट्या? गोल गरगरीत, सगळ्या एका मापाच्या, पृष्ठभागाशी सपाट, आणि आतून बघायला गेलं तर दुसरं टोकच नाही. नुसती टिकली लावल्यासारखी डोकी आहेत, सांधा आतून सरस लावून चिकटवलेला.

पॅनेलचंही तसंच. खऱ्यातलं पॅनेल चौकटीच्या खाचेत सुटं बसतं, चिकटवत नाहीत, हवामानाप्रमाणे फुगायला-आकसायला जागा पाहिजे ना. खोड फोडून काढलेलं असल्याने एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ, मागून कुऱ्हाडीचे नाहीतर वाकसाचे घाव तसेच. १९२५ च्या पॅनेलच्या मागे मी नखाने खरवडलं तर एकावर एक थर निघाले. प्लायवूड. त्या दिवशी उरलेली आशाही संपली.

मागच्या आणि तळाच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा शोधा. सरळ, जरा वाकड्यातिकड्या, कमीजास्त अंतराच्या रेषा म्हणजे एक माणूस वर आणि एक खड्ड्यात उभा राहून ओढलेली करवत. चंद्रकोरीसारख्या एकामागे एक कमानी म्हणजे गोल फिरणारी मशीनची करवत, आणि ती १८०० नंतरचीच गोष्ट. तळाच्या फळ्या नंतर बदललेल्या असू शकतात, ते होतं, ओलसर फरशीवर पाय आणि तळ आधी कुजतात, त्यामुळे खऱ्या पेटाऱ्याचे पाय बहुतेक वेळा आखूड झालेले किंवा खाली नवीन तुकडा जोडलेले मिळतात. पाय अगदी ताठ, पूर्ण उंचीचे, कोपरे शाबूत असले की मला उलट शंका येते.

लोखंडाचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. आपल्याकडे हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळी शाई होते माहितीये ना? ओकमध्येही तेच टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ठासून भरलेलं. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे ओकच्याच भाऊबंदातल्या झाडावरची गाठ, आणि युरोपात शेकडो वर्षं शाई अशाच गाठींपासून करत. त्यामुळे ओकमध्ये लोहाराने घडवलेला खिळा किंवा बिजागरी ठोकली की आजूबाजूचं लाकूड निळसर काळं पडतं आणि तो डाग आत आत जातो. बिजागरीच्या खाली असा डाग नसेल तर बिजागरी तरी नवी किंवा पेटारा तरी नवा. आणि डाग बिजागरीपासून लांब भलतीकडेच असेल तर ती फळी आधी दुसऱ्याच कशाची तरी होती. स्क्रू दिसला तर काढून बघा, टोकदार स्क्रू साधारण १८५० च्या आसपास आले, त्याआधीचे बोथट. अर्थात एक नवा स्क्रू म्हणजे सगळा पेटारा नवा असं नाही, साडेतीनशे वर्षांत कुणीतरी रिपेअर केलाच असणार.

किड्याची भोकं बघून लोक लगेच "बघा किती जुना" म्हणतात. चूक. किडा काय जन्मदाखला बघून लाकूड खात नाही. त्याची बाहेर पडायची भोकं गोल, दीड-दोन मिलिमीटरची असतात. पण पृष्ठभागावर उघडे लांब चर दिसले तर सावध, कारण किडा चर आतून पाडतो, ते उघडे पडलेत म्हणजे खाल्ल्यानंतर कुणीतरी ते लाकूड परत रंधलंय किंवा कापलंय. जुन्या पलंगाच्या फळ्यांतून 'जुना' पेटारा करणारे हेच करतात.

कोरीवकामाची गोष्ट मात्र सगळ्यात अवघड, कारण इथे तिसराच प्रकार निघतो: पेटारा खरा, कोरीवकाम खोटं. व्हिक्टोरियन लोकांना साधे पेटारे बोडके वाटायचे, मग खऱ्या जुन्या साध्या पेटाऱ्यांवर त्यांनी सिंहाची तोंडं, पानंफुलं, मुखवटे कोरून घेतले आणि वर एखादं जुनं सालही, म्हणजे वर्षाचा आकडा, कोरून घेतलं. कसं ओळखायचं? मूळ कोरीवकाम उथळ असतं आणि त्याचा वरचा थर लाकडाच्या मूळ पृष्ठभागाच्याच पातळीवर असतो, भोवतीची जमीन तेवढी खोल केलेली. अर्धगोलांची नक्षी असेल तर मध्यभागी कंपासच्या टोकाचं बारीक टोचलेलं भोक सापडतं, आखणीच्या रेघाही सापडतात, आणि शेवटचा अर्धगोल जागा पुरली नाही म्हणून चेपलेला असतो. बेडरूमवाल्याचा उजवीकडचा शेवटचा असाच कोंबून बसवलाय, एसटीत तिसऱ्या सीटवर चौथा माणूस बसतो तसा. फॅक्टरीत असं होत नाही. सालाबद्दल म्हणाल तर खऱ्यावर साल असतं कधीकधी, पण साल आहे म्हणून खरा असं मात्र नाही.

घडीच्या गोल टेबलांसाठी एक सोपी युक्ती: टेप काढा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीला नाही. त्यामुळे खरं जुनं गोल टेबल आता गोल राहिलेलं नसतं, एका दिशेने चक्क सेंटिमीटरभर किंवा जास्त कमी भरतं. पिळाच्या पायांचं १९२५ चं टेबल मोजलं तर जवळजवळ चोख गोल.

आता एक गंमत. बाजारात अँटिक म्हणजे शंभर वर्षांच्या वरचं असं सर्रास धरतात. म्हणजे १९२५ चा फॅक्टरीवाला पेटारा आता अँटिक झाला! विकणारा 'अँटिक ओक पेटारा' म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये. म्हणून विचारताना "अँटिक आहे का" विचारू नका, "कोणत्या सालचा, आणि पावतीवर लिहून द्याल का" असं विचारा. शंभरातले अर्धे तिथेच जरा खाकरतात. आणि हाताने केलेलं म्हणजे जुनं असंही नाही. यॉर्कशरच्या किलबर्न गावात रॉबर्ट थॉम्पसन नावाचा कारागीर होता, १९५५ साली गेला, तो जवळजवळ प्रत्येक वस्तूवर एक छोटा उंदीर कोरायचा आणि टेबलाचा वरचा भाग वाकसाने तासून लाटालाटांचा ठेवायचा. विसाव्या शतकातलं काम, अस्सल हातचं, आणि त्याला भावही चांगला येतो. त्याने ते कधी जुनं म्हणून विकलं नाही, हा फरक.

लंडनला गेलात तर व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये ग्रेट बेड ऑफ वेअर बघा, फुकट आहे. १५९० च्या दशकातला ओकचा पलंग, तीन मीटरहून रुंद, मूळचा वेअर गावच्या खाणावळीतला, आणि झोपून गेलेल्या लोकांनी त्यावर आपापली अक्षरं कोरून ठेवलीत. आपल्या गडांवर 'अमुक लव्ह तमुक' लिहिणारे काही पहिले नाहीत.

भाव विचाराल तर गेल्या वीसेक वर्षांत जुन्या गडद फर्निचरचे भाव खूप पडलेत, लहान घरात कुणाला नकोय. गावाकडच्या लिलावात साधा, खरा १६०० च्या शतकातला पेटारा दोन-चारशे पौंडात मिळून जातो. माझा ३४० ला पडला, कमिशन धरून, या वेळी आधी धरून. आत डाव्या हाताला वरती एक छोटा झाकणाचा कप्पा असायचा अशा पेटाऱ्यांत, बारीकसारीक चीजवस्तू ठेवायला. माझ्यातला कप्पा गेलाय पण पुढच्या-मागच्या फळीत त्याच्या खाचा तशाच आहेत, आणि झाकणाची लाकडी टोकं फिरून फिरून पडलेली दोन गुळगुळीत भोकं. तिथे बोट घालून बघायची सवय लागलीये मला. आईने पाठवलेल्या गोधड्या आता त्यात आहेत, डांबरगोळ्यांसकट.