प्रसूतीपश्चात नैराश्य चाचणी (एडिंबरा प्रश्नावली)

बाळंतपणानंतर आईला नैराश्य आले आहे का, याचा अंदाज घेण्यासाठी विचारायच्या १० प्रश्नांचा संच. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न गेल्या ७ दिवसांपुरते असतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. १३ किंवा अधिक गुण आले तर नैराश्याची दाट शक्यता धरतात. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारतात. आकडा म्हणजे निदान नव्हे, ते डॉक्टरच्या मुलाखतीतूनच होते.

गुण मोजताना नेहमी एकच चूक होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे पर्याय वरून खाली ०, १, २, ३ असे मोजायचे. उरलेल्या सात प्रश्नांत उलटे, म्हणजे सर्वांत वरचा पर्याय ३ गुणांचा. हे विसरून सरसकट वरून खाली मोजले, तर त्या सातही प्रश्नांना ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्या ठणठणीत बाईच्या नावावर २१ गुण चढतात आणि खरी खचलेली बाई यादीतून सुटते.

मराठवाड्यातली बाळंतीण ‘मला नैराश्य आलंय’ असे म्हणत नाही. ‘कशातच जीव लागंना’, ‘छातीत धडधडतंय’, ‘लेकराला घ्यावंच वाटंना’ असे म्हणते. सहावा प्रश्न इंग्रजी वाक्प्रचारावर बेतलेला आहे. शब्दशः उतरवला तर काहीच बोध होत नाही. ‘कामं झेपेनाशी झालीत का?’ असे विचारले की उत्तर येते. सातवा प्रश्न झोपेचा. बाळ रात्री चारदा उठते म्हणून झालेली झोपमोड इथे धरायची नाही. बाळ शांत झोपले असतानाही मनातल्या दुःखाने डोळ्याला डोळा लागला नाही, तर ते धरायचे.

घरात विचारायचे म्हणजे बाजेखाली शेगडी, उंबऱ्यात सासू किंवा आई, आणि उत्तरेही तिचीच. ‘तिला काय झालंय, चांगली खाती-पिती!’ अशा वेळी आशाताईने (गावच्या आरोग्य कार्यकर्तीने) बाळ आजीच्या हाती देऊन कोवळ्या उन्हात पाठवावे आणि तेवढ्या पाच-दहा मिनिटांत प्रश्न विचारावेत. बाईला वाचता येत नसेल तर पर्यायही चारही वाचून दाखवावेत, नाहीतर ती नुसती ‘हो’ म्हणते. मुलगी झाली असेल तिथे अधिक लक्ष हवे: गोव्यातील २००२ च्या अभ्यासात ६ ते ८ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्क्यांना नैराश्य आढळले, आणि गरिबी व नवऱ्याच्या मारहाणीबरोबर मुलीचा जन्म हेही त्यामागचे कारण दिसले.

दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास आशाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. तिसऱ्या-पाचव्या दिवशीचे रडू बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून पहिल्या भेटींत गुण फुगतात. चाचणीला ४२ वा दिवस उत्तम. सव्वा महिना संपलेला असतो आणि दीड महिन्याच्या लसीसाठी बाई घराबाहेर पडते. बीड-जालन्याकडची बाई मात्र तोवर ऊसतोडीला, कोयत्याबरोबर फडावर गेलेली असू शकते. दिवाळीच्या सुमाराच्या बाळंतिणींना म्हणून गाव सोडण्याआधीच विचारून घ्यावे.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरे कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. तोवर तिला एकटी सोडू नये आणि कपाशीच्या फवारणीचे औषध घरातून हलवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो.

हजारी एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, झोप पूर्ण उडून भास आणि भ्रम होतात. याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेण्यात मोलाचे दिवस जातात. ही तातडीची अवस्था आहे, इथे प्रश्नावली भरत बसू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ३ वर्षांखालील मूल, भरती असलेल्या आईपासून एरवी वेगळे करता येत नाही.

नैराश्याबरोबर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासावेत, कारण थकवा सारखाच दिसतो. गोळ्यांची गरज पडल्यास सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध दुधात फारच कमी उतरते. पाजणे सहसा थांबवावे लागत नाही. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘फरक पडंना’ म्हणून आठव्या दिवशी पाकीट बाजूला ठेवले जाते, म्हणून पहिल्या आठवड्यानंतरची भेट चुकवू नये.